जन्मापासून एचआयव्ही असलेल्या लेकराचा मेंदू आणि वाढ: घरी काय बघायचं, काय करायचं

जन्मापासून एचआयव्ही असलेलं लेकरू घरात असलं की घरच्यांचं सगळं ध्यान गोळ्या, ताप, खोकला आणि वजनावर राहतं, ते बरोबरच आहे, पण त्यात एक गोष्ट कायम मागे पडते ती म्हणजे लेकराचा मेंदू. शाळेत मागे पडलं, पाढे पाठ होत नाहीत, आत्ता सांगितलेलं आत्ता विसरलं, की आपल्याकडं लगेच निकाल लागतो, "पोट्टं ढच हाय मॅडम, याले काहीच याद राहत नाही." मी विदर्भातल्या एका तालुक्यात समुपदेशनाचं काम करते आणि हे वाक्य आज्या, मावश्या, काकू माझ्यासमोर बसून बोलतात, लेकरू तिथंच बाजूला बसून ऐकत असतं. ते लेकरू ढ नसतं हो. त्याच्या मेंदूवर कशाचा तरी भार आहे आणि तो भार बऱ्यापैकी कमी करता येतो, हेच नीट सांगायचंय. घरच्यांसाठी लिहितेय, पण आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतले सर-मॅडम यांनीही वाचावं. आणि डॉक्टर सांगतील ते आधी, हे त्याच्या जोडीला.

आधी आत काय चालतं ते

एचआयव्ही मेंदूत फार लवकर पोचतो, लागण झाल्यावर काही आठवड्यांतच. ज्या पेशींनी आपण विचार करतो, त्या न्यूरॉनमध्ये तो सहसा शिरत नाही, तो ठाण मांडतो मेंदूतल्या राखणदार पेशींमध्ये, आणि मग त्या पेशी सतत भडकलेल्या राहतात. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यामुळं चोर येवो न येवो, घरातल्या सगळ्यांची झोप जाते ना, तसं. राखणदार पेशींमधून जी रसायनं सुटत राहतात त्यांनी शेजारचे न्यूरॉन आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे धागे खराब होतात. मोठ्या माणसाचा मेंदू निदान तयार झालेला असतो, लेकराचा अजून घडतोय. दोन वर्षांचं होईपर्यंत लेकराचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ८० टक्के आकाराचा होतो, म्हणजे सगळ्यात जास्त बांधकाम ज्या काळात चालू असतं नेमका त्याच काळात हा त्रास सुरू होतो.

दुसरी गोष्ट शरीराच्या वयाची, ही जरा नवीन आहे. जन्मतारखेवरून निघतं ते एक वय, आणि पेशी किती झिजल्यात त्यावरून निघतं ते दुसरं, त्याला बायोलॉजिकल वय म्हणतात. वय वाढतं तसं पेशीतल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा ठराविक पद्धतीनं बदलत जातात, त्या खुणा मोजून वय काढायची एक पद्धत स्टीव्ह होर्वाथ या शास्त्रज्ञानं २०१३ मध्ये मांडली. पुढं २०१८ मध्ये त्यानं दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या डॉक्टरांसोबत जन्मापासून एचआयव्ही असलेली, औषधं चालू असलेली साधारण ९ ते १२ वर्षांची मुलं तपासली. त्यांच्या रक्तातल्या पेशींचं वय जन्मतारखेच्या वयाच्या पुढं गेलेलं निघालं, आणि हे वय पुढं पळण्याचा संबंध लक्षात ठेवणं, कामाचा क्रम लावणं, पटकन विचार करणं यात मागे पडण्याशी लागला.

आता गंमत बघा, आपण रोज जे डोळ्यानं बघतो ते याच्या उलट दिसतं. बारा वर्षांचं पोरगं आठचं वाटतं, उंची वाढत नाही, मुलींची पाळी उशिरा येते, मिशी उशिरा फुटते. बाहेरून लहान आणि आतून मोठं. दोन्हीच्या मागं बऱ्याच अंशी एकच कारण आहे, शरीर रात्रंदिवस लढाईत गुंतलेलं राहतं, त्यामुळं वाढीला ताकद पुरत नाही आणि लढणाऱ्या पेशी वेळेआधी झिजतात.

हे वाचून घाबरू नका आणि कोणाला "याचं वय लवकर संपणार" असं तर अजिबात सांगू नका. तो अभ्यास गटाच्या सरासरीचा आहे, तुमच्या लेकराच्या कपाळावर काही लिहिलेलं नाही त्यानं. ती तपासणी करून घ्यायची पण गरज नाही, तिच्यावरून औषध बदलत नाही, कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. आपल्या हातात जे आहे ते असं की व्हायरस जितका लवकर आणि जितका सलग दबलेला राहील तितकी ती भडक कमी, आणि भडक कमी तितका मेंदूला घडायला वाव मिळतो. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

बाळ पोटात असल्यापासून ते दोन महिन्याचं होईस्तोवर

काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आईचं औषध वेळेवर सुरू झालं आणि बाळाला जन्मल्याबरोबर सिरप मिळालं तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणून गरोदरपणात पहिल्याच तपासणीला एचआयव्हीची टेस्ट करायची, लाजायचं नाही, नवऱ्यालाही सोबत न्यायचं.

बाळाची पहिली टेस्ट दीड महिन्याचं झालं की, सहा आठवड्यांची लस घ्यायला जाता तेव्हाच. टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात आणि तो कागद लॅबला जातो. मोठ्या माणसांची साधी पट्टीवरची टेस्ट बाळाला चालत नाही कारण आईच्या रक्तातून आलेल्या अँटिबॉडी (व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ते घटक, पट्टी तेच शोधते) बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळं बाळाला लागण नसली तरी पट्टीवर पॉझिटिव्ह येऊ शकतं. मग बाळ सहा महिन्यांचं झालं की, वर्षाचं झालं की आणि शेवटी दीड वर्षाचं झालं की पक्की टेस्ट, अंगावरचं दूध सुरू असेल तर ते सुटल्यावर परत.

यात आपल्याकडं गाडं अडतं ते माहेरपणात. पोरगी सासरच्या जिल्ह्यात नोंदलेली, बाळंतपण माहेरी, दीड महिना माहेरी, आणि तिकडच्या सिस्टरला काही माहीत नाही कारण माहेरी कोणाला सांगितलेलंच नाही. ती सहा आठवड्यांची टेस्ट तिथंच बुडते. उपाय सोपा आहे, बाळंतपणाला निघायच्या आधी सासरकडच्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन करणारं सरकारी केंद्र) जाऊन सांगायचं की मी अमुक तालुक्याला चाललेय, तिथल्या आयसीटीसीला कळवा, ते समुपदेशक ते समुपदेशक फोन करतात, घरच्यांना काही कळत नाही.

एवढी घाई कशाला, तर दक्षिण आफ्रिकेत लहान बाळांवर एक मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये त्याचा निकाल छापून आला. ज्या बाळांना ६ ते १२ आठवड्यांच्या वयातच लगेच औषध सुरू केलं त्यांच्यातले मृत्यू, वाट बघून औषध सुरू केलेल्यांपेक्षा ७६ टक्क्यांनी कमी झाले. आणि पुढं त्यातल्या काही मुलांची वाढ तपासली तेव्हा लगेच औषध मिळालेली मुलं हालचाल आणि समज यातही सरस निघाली. आपल्या देशात २०१७ पासून सीडी४ (रक्तातल्या लढणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, एचआयव्ही निघाला की सगळ्यांना औषध असं धोरण आहे. "अजून तर चांगलं खेळते, थोडं मोठं होऊ द्या" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

आणि बाळ निगेटिव्ह निघालं तरी पाठ फिरवू नका. पोटात असताना आईच्या एचआयव्हीचा आणि औषधांचा सहवास झालेल्या निगेटिव्ह मुलांमध्येही बोलणं आणि वाढ थोडी मागे राहण्याचं प्रमाण जरा जास्त दिसलेलं आहे. त्यांच्यावर पण खाली सांगितलेलं लक्ष ठेवा.

गोळीचं काम

मुलांचा डोस वजनावर ठरतो. हे वाक्य दोनदा वाचा कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, जिल्ह्याला, एसटी सकाळी एकच, मजुरी बुडते, मग काका एकटाच जाऊन तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन येतो. लेकराचं वजन झालंच नाही, तिकडं ते दोन किलोनं वाढलं, गोळी जुन्याच वजनाची. डोस कमी पडला की व्हायरस डोकं वर काढतो, औषधाला सरावतो आणि मेंदूतली भडक परत सुरू. लेकराला नेता येत नसेल तर निदान अंगणवाडीत किंवा पीएचसीत वजन करून तारखेसकट चिठ्ठीवर लिहून पाठवा. एसटीच्या साध्या गाड्यांत एचआयव्हीबाधितांना प्रवास सवलत आहे, पास कसा काढायचा ते एआरटी सेंटरमध्येच विचारा.

लहान मुलांना आता बहुतेक ठिकाणी डोल्युटेग्राव्हीर या एचआयव्हीच्या औषधाची पाण्यात विरघळणारी १० एमजीची गोळी मिळते, जरा गोडसर लागते. चमच्यात किंवा छोट्या वाटीत स्वच्छ पाणी घ्या, गोळी टाका, पूर्ण विरघळू द्या आणि अर्ध्या तासाच्या आत पाजा. वाटीला खाली राहतं त्यात परत थोडं पाणी घालून तेही पाजा, औषध त्यात उरलेलं असतं. मोठ्या माणसाची ५० एमजीची गोळी तोडून लहानाला देऊ नका, किंवा लहानाच्या पाच गोळ्या म्हणजे मोठ्याची एक असा हिशोब करू नका, दोन्ही गोळ्या शरीरात वेगवेगळ्या भिनतात, हिशोब जुळत नाही.

लोहाची निळी किंवा गुलाबी गोळी शाळेत मिळते, किंवा कॅल्शियम चालू असतं, ते डोल्युटेग्राव्हीरसोबत रिकाम्या पोटी घेतलं तर औषध नीट अंगी लागत नाही. दोन्ही जेवणासोबत घेतलं तर चालतं, नाहीतर आपलं औषध लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पित्ताचं पांढरं पातळ औषध मात्र जेवणासोबतही एकत्र नको, तिथं दोन आणि सहा तासाचं अंतर पाळाच. डोल्युटेग्राव्हीरनं काही मुलांची झोप उडते, तसं वाटलं तर डॉक्टरला विचारून सकाळी द्यायला लागा.

उन्हाळ्याचं सांगायलाच पाहिजे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या घरात तर त्याहून जास्त, डबी टिनाखालच्या फळीवर, खिडकीत, गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. माठाजवळच्या सावलीत, जमिनीलगत, कोरड्या डब्यात ठेवा, ओल लागू देऊ नका आणि डबीतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका. गोळ्या काढून दुसऱ्या पुडीत बांधणारे आहेत, लोकांना डबी दिसू नये म्हणून, समजतं मला, पण औषध खराब होतं. डबीवरचं लेबल सोला आणि डबी तीच ठेवा.

कापूस वेचायला, ऊसतोडीला, विटभट्टीवर गाव सोडून जाणार असाल तर पंधरा दिवस आधी सेंटरला सांगा, जास्तीच्या गोळ्या किंवा जिथं जाताय तिथल्या सेंटरचं पत्र मिळतं. उलटी अर्ध्या तासाच्या आत झाली तर डोस परत द्या. विसरलात तर आठवलं तेव्हा द्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर डबल देऊ नका.

व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याची, टेस्ट चुकवू नका. सीडी४ चांगला आहे म्हणून समाधान मानणारे बरेच भेटतात, पण मेंदूच्या दृष्टीनं व्हायरस दबलाय का हे व्हायरल लोडच सांगतो. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षानी, मग दरवर्षी, आणि आकडा १००० च्या खाली पाहिजेच, खरं तर मशीनला सापडूच नये इतका कमी पाहिजे.

पाच वर्षांपर्यंत काय बघायचं

तुमच्याकडं माता-बाल संरक्षण कार्ड असेल, ट्रंकेत कपड्याखाली पडलेलं असतं ते, काढा. त्यात कोणत्या महिन्यात बाळानं काय करायला पाहिजे त्याची चित्रं आहेत. मोटामोटी असं धरा: चार महिन्यात मान धरली पाहिजे, नऊ महिन्यात आधाराशिवाय बसलं पाहिजे, दीड वर्षात चाललं पाहिजे, सव्वा-दीड वर्षात दोनचार शब्द आणि दोन वर्षात "आई पाणी", "बाबा गेले" असे दोन शब्द जोडून बोललं पाहिजे. एखादं लेकरू महिनाभर मागेपुढे असतं, पण यातलं एकही हुकलं आणि महिन्याभरात सुधारलं नाही तर वाट बघू नका. डोक्याचा घेर पण मोजून घ्या, पहिल्या वर्षात तो साधारण १२ सेंटीमीटर वाढतो, डोकं वाढत नसेल तर मेंदू वाढत नाहीये.

आणि एक गोष्ट अशी की ती दिसली की त्याच दिवशी निघायचं. आधी येत होतं ते जायला लागलं. बोलत होतं ते बंद झालं, चालत होतं ते पडायला लागलं, पाय कडक झाले, चवड्यावर चालायला लागलं. हे एचआयव्हीमुळं मेंदू बिघडत असल्याचं लक्षण असू शकतं. झटके, सततची डोकेदुखी, ओकाऱ्या, मान आखडणं, सुस्तावणं ही मेंदूज्वराची किंवा मेंदूच्या टीबीची लक्षणं असू शकतात, अंगारा-धुपारा करत बसू नका, १०८ ला फोन करा.

कुठं दाखवायचं हा प्रश्न येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येते, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, उलट डॉक्टरला बाजूला घेऊन सांगा की बोलणं मागे आहे. ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवतात, तिथं फिजिओथेरपी, बोलण्याची थेरपी फुकट होते. सेवाग्राम, नागपूर, यवतमाळ, अकोला इथं मेडिकल कॉलेजं आहेत, तिकडचं पत्र मागायला संकोच करू नका.

कानाचं वेगळं सांगते, कारण हे फार सुटतं. एचआयव्ही असलेल्या मुलांचा कान वारंवार फुटतो, पू येतो, आपण खोबरेल तेल टाकतो आणि विसरतो. सहा वर्षांची एक पोरगी होती, आजी म्हणे "ऐकतच नाही, हट्टी हाय", शाळेत बाई म्हणे लक्ष नसतं. मी तिच्याशी बोलताना बघितलं की ती माझ्या तोंडाकडं बघत होती, डोळ्याकडं नाही, ओठ बघून अंदाज लावत होती. मी मान फिरवून भिंतीकडं तोंड करून नाव विचारलं तर तिला कळलंच नाही की मी काही विचारलं. दोन्ही पडद्यांना छिद्र निघालं. हे तुम्ही घरी करून बघू शकता, लेकराच्या मागं उभं राहून हळू आवाजात हाक मारा, तीन-चार वेळा वेगवेगळ्या दिवशी. कानात तेल, रस, काडी काही घालायचं नाही, कान कोरडा ठेवायचा आणि कानाच्या डॉक्टरला दाखवायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याचं बोलणं मागे पडणारच आणि मग शिकणंही. डोळे पण एकदा तपासून घ्या.

आणि बोला त्याच्याशी. औषधाइतकंच मी हे मानते. आई-बाप गेलेलं लेकरू आजीजवळ असतं, आजी दिवसभर निंदणाला, संध्याकाळी थकलेली, लेकराशी दिवसभरात कोणी दहा वाक्यं बोलत नाही, मग मोबाइल देऊन बसवतात. भाजी निवडताना, भाकर थापताना, झोपताना बोलत राहा, ही तूर, ही मूग, हा लाल, हा पिवळा, सांग कोणती मोठी. दोन वर्षाच्या आत तर मोबाइल नकोच. आई-बाप गेल्याचं दुःख, भूक, घरातली भांडणं यांचाही भार मेंदूवर पडतो, सगळंच व्हायरसवर ढकलता येत नाही.

शाळेतलं पोरगं

आता त्या "याद राहत नाही" कडं येऊ. दुकानात पाठवलं, साखर, चहापत्ती आणि माचिस आण, पोरगं फक्त माचिस घेऊन आलं. आपण थापड मारतो. खरं काय होतं की डोक्यात एका वेळी तीन गोष्टी धरून ठेवायची जी जागा असते ती या मुलांमध्ये लहान राहू शकते, आणि विचार करायचा वेग कमी असू शकतो. समज असते, वेळ लागतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

मग करायचं काय, एका वेळी एकच काम सांगा. सांगितलं की त्याच्याच तोंडून परत म्हणवून घ्या, "काय आणणार तू?" दोन वस्तू असतील तर दोन बोटं धरायला लावा, एक बोट साखर, एक बोट चहापत्ती, रस्त्यानं बोटं धरूनच जाऊ दे. हळूहळू तीन. पाढे बसून घोकायला लावू नका, सरक्या किंवा चिंचोके घ्या, तीन-तीनचे ढीग मांडा, हातानं मोजू द्या, रोज दहाच मिनिटं, पण रोज. काल शिकवलेलं आज आधी विचारा आणि मगच नवीन. उत्तर यायला वेळ लागला तर मनातल्या मनात दहा मोजा, मधेच उत्तर सांगून टाकू नका. अभ्यास झोपेच्या वेळी नको, आणि रात्रीची झोप नऊ-दहा तास झालीच पाहिजे.

शाळेत एचआयव्ही आहे हे सांगायची सक्ती कोणी करू शकत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात शाळेनं प्रवेश नाकारणं, काढून टाकणं, वेगळं बसवणं, प्रवेशासाठी टेस्ट मागणं हे सगळं बेकायदा आहे आणि परवानगीशिवाय कोणाला सांगणंही. तुम्ही सरांना एवढंच म्हणा, याचं लहानपणापासून औषध चालू आहे, त्याला समोरच्या बाकावर बसवा, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ द्या, सगळ्यांसमोर उभं करून विचारू नका. तेवढं पुरतं. वाचन-लेखनात फारच अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, सर्टिफिकेट मिळालं तर दहावी-बारावीला जास्तीचा वेळ मिळतो. हे नववीत जाऊन आठवू नका, चौथी-पाचवीतच सुरुवात करा.

पोटाचं आणि रक्ताचं

या मुलांना काही त्रास नसला तरी इतर मुलांपेक्षा साधारण १० टक्के जास्त खाणं लागतं, वजन घटत असेल तर त्याहून खूप जास्त. महागडी पावडर घेऊ नका, त्या पैशात महिन्याची अंडी येतात. वरणावर तेलाची धार, शेंगदाणा-गूळ, जवसाची चटणी, मुंगन्याचा (शेवग्याचा) पाला घातलेली भाकर, अंगणवाडीचा आहार, हिवाळ्यात संत्री. पाणी उकळून, जुलाब मागे लागले की वजनही जातं आणि औषधही वाया.

रक्त कमी असेल तर मेंदूला प्राणवायू कमी मिळतो, लेकरू सुस्त राहतं आणि परत "ढ" ठरतं. आपल्या भागात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडं तर खास करून, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एचआयव्ही निघाला म्हणून सिकलची तपासणी राहून जाते. एकदा करून घ्या. झिडोव्हुडीन हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर त्यानंही रक्त कमी होऊ शकतं, हिमोग्लोबिन बघत राहा. जंताची गोळी सहा महिन्याला.

आई-बाप नसतील, किंवा असूनही आजारी असतील, तर बालसंगोपन योजनेतून एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. घरात मोठं कोणीच नसेल आणि बारा-तेरा वर्षांची मोठी बहीणच धाकट्याला सांभाळत असेल तर त्याच एचआयव्ही कायद्यानं १२ ते १८ वर्षांच्या समजदार भावंडाला शाळाप्रवेश, दवाखाना, बँक खातं यासाठी पालक म्हणून सही करता येते.

लेकराला सांगायचं कधी

बारा वर्षाच्या आत, आणि एकदम नाही. पाच-सहाव्या वर्षी एवढंच सांगा की तुझ्या अंगात एक किडा झोपलेला आहे, गोळीनं तो झोपून राहतो. आठ-नऊला रक्त, पेशी, सैनिक वगैरे. दहा-बाराला नाव. शक्तिवर्धक गोळी आहे, टॉनिक आहे असं खोटं सांगू नका, सातवीतलं पोरगं गोळीचं नाव मोबाइलवर टाकून बघतं आणि मग गोळी आणि तुम्ही दोन्हीवरचा विश्वास जातो. सांगताना सेंटरच्या समुपदेशकाला सोबत घ्या. आणि आईला दोष लागेल असं एकही वाक्य नको.

मिशी फुटली की

ज्या पेशी आधीच जरा पुढं पळाल्यात त्यांना आणखी पळवणाऱ्या गोष्टी या वयात येतात, आणि आपल्याकडं पहिला नंबर खर्र्याचा, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा. दहावीतली पोरं शाळेच्या मागं खर्रा घोटतात, पानठेल्यावर कोणी वय विचारत नाही. तंबाखूनं हृदय, रक्तवाहिन्या, हाडं सगळंच लवकर म्हातारं होतं आणि एचआयव्ही असताना ते जास्तच. याच्यावर घरात कडक राहा, आणि घरातले मोठे खात असतील तर आधी त्यांनी सोडा. व्यायाम, कबड्डी, सायकल, पोहणं सगळं चालतं, बंदी कशाचीच नाही. टेनोफोव्हीर हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर किडनीची तपासणी वेळेवर. याच वयात गोळ्या सोडायची लहर येते, "मला काही झालं नाही तर कशाला", तेव्हा ओरडण्यापेक्षा त्याच्या वयाची, गोळी घेणारी, कॉलेजला जाणारी, नोकरी करणारी मोठी मुलं सेंटरच्या ओळखीतून भेटवून द्या, त्यांचं ऐकतात.

पुढच्या तारखेला जाताना एक वही सोबत न्या. त्यात वजन आणि उंची तारखेसकट, या महिन्यात किती डोस चुकले आणि का, काय नवीन यायला लागलं, काय येत होतं ते गेलं, कान, झोप, झटके, शाळेतलं काय म्हणणं आहे, हे सगळं घरीच लिहून काढा, लिहिता येत नसेल तर शेजारच्या पोरीकडून, नाव न घालता. सेंटरला गर्दी असते, डॉक्टरला तुमच्यासाठी थोडाच वेळ मिळतो, वही समोर ठेवली की ते नेमकं विचारतात. मधल्या काळात काही अडलं आणि कोणाला विचारायचं कळत नसेल तर १०९७ ला फोन लावा, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात, नाव सांगायची गरज नाही.